मिशिगनचा फुटबॉल सीझन भारतात बसून कसा बघायचा

लेक अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, शिकायला गेली आणि सप्टेंबरपासून दर शनिवारी फोन उचलेना झाली, तर घाबरू नका. ती मिशिगन स्टेडियममध्ये असणार. तिथे १,०७,६०१ माणसं बसतात, त्या कल्लोळात फोन वाजलेला कळत नाही. मी डेट्रॉईटजवळ राहते, माझी दोन्ही मुलं याच विद्यापीठात शिकली. नाशिकहून बहीण आणि वहिनी दरवर्षी विचारतात, ‘त्या अमेरिकन फुटबॉलच्या ढकलाढकलीत बघायचं तरी काय?’ म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी वेळापत्रक फ्रिजवर लावा. नेहमीचा सीझन बारा मॅचचा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी पक्क्या वैरी ओहायो स्टेटशी संपणारा. तारखा खूप आधी कळतात, पण बऱ्याच मॅचच्या वेळा टीव्हीवाले जेमतेम आठवडा-दीड आठवडा आधी जाहीर करतात. इथली दुपारी बाराची मॅच तुमच्याकडे रात्री साडेनऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली की तीच साडेदहाला. रात्री साडेसातची मॅच तुमची रविवारी पहाटे पाचला, नोव्हेंबरात सहाला, म्हणजे चहाबरोबर छान जमते. दुपारी साडेतीनची मात्र मध्यरात्री एकला सुरू होते आणि साडेतीन-चार तास चालते. तिच्यासाठी जागू नका, सकाळी हायलाइट्स बघा.

आता खेळ. चेंडू शोधत बसू नका, निम्म्या वेळा तो कोणाकडे आहे ते समोरच्या संघालाही कळत नाही. स्क्रीनवरचे दोन आकडे बघा. ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात की पुन्हा नवे चार मिळतात. तीन फसले की चौथ्याला बहुतेक कोच मुकाट्याने चेंडू लाथेने लांब धाडतात, जवळ असले तर गोलखांबांतून मारून तीन गुण घेतात. आणि कधी कधी कोणी म्हणतो, नाही, खेळायचंच. हातातलं काम सोडून टीव्हीसमोर यायचं ते तेव्हा. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेल्याचे, सहा, त्यावर किकचा एक, एवढं गणित सुरुवातीला पुरे.

सराव करायचा तर चालू सीझनवर नको. २०२३चा घ्या. मिशिगनने पंधरापैकी पंधरा मॅच (बारा नेहमीच्या, तीन त्यापुढच्या) जिंकल्या, शेवट माहीत असल्याने जीव टांगणीला लागत नाही. पहिल्या तीन मॅच सरळ वगळा. ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही, बोलिंग ग्रीन: मोठी कॉलेजं लहान कॉलेजांना पैसे देऊन बोलावतात आणि धुतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं.

११ नोव्हेंबरपासून सुरुवात करा, पेन स्टेटच्या मैदानावरची मॅच. आदल्याच दिवशी बिग टेन कॉन्फरन्सने, म्हणजे मिशिगन ज्यात खेळतं त्या कॉलेजांच्या संघटनेने, मिशिगनचे कोच जिम हार्बॉ यांना तीन मॅच बाहेर बसवलं होतं. आरोप असा, की मिशिगनच्या माणसांनी प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचना जाऊन, त्यांचे कोच खेळाडूंना करतात त्या खुणा टिपल्या. (शिक्षा योग्य होती का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.) त्यांचे सहायक शेरोन मूर यांनी सूत्रं हाती घेतली आणि मॅचचे शेवटचे सलग ३२ प्ले, म्हणजे एकेक प्रयत्न, फक्त पळून काढले. पास नाहीच. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, मी चकल्या तळत होते, आणि कढईवरून मान वर केली की तेच दृश्य: चेंडू पोटाशी धरून आमचा पळणारा गडी ब्लेक कोरम गर्दीत घुसतोय, तीन यार्ड, चार यार्ड. २४-१५. मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. नवशिक्याने हीच मॅच आधी बघावी, कारण खरी लढाई पुढच्या फळीतल्या धिप्पाड मुलांची असते हे इथे डोळ्यांना दिसतं.

त्या फळीतला झॅक झिंटर, ६५ नंबरचा, दोन आठवड्यांनी ओहायो स्टेटविरुद्ध पाय मोडून मैदानाबाहेर गेला. स्कोअर १७-१७. लगेच पुढच्याच प्लेला कोरम २२ यार्ड पळत टचडाऊनला पोचला आणि बोटांनी सहा आणि पाच दाखवले. ते दहा सेकंद परत परत बघा. मॅच ३०-२४ अशी जिंकली.

मग १ जानेवारी २०२४ची रोझ बोल, म्हणजे त्या वर्षीची उपांत्य मॅच, अलाबामाविरुद्ध. शेवटची काही मिनिटं, सात गुणांनी मागे, स्वतःच्याच अर्ध्यात चौथा प्रयत्न आणि दोन यार्ड बाकी. ते खेळले, कोरमला पास दिला, वाचले, बरोबरी साधली. जादा वेळेत अलाबामावर तीच पाळी आली: चौथा प्रयत्न, तीन यार्ड. त्यांना अडवलं. २७-२०. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं, पण माझ्या मते सीझन रोझ बोललाच संपला होता.

त्या वर्षी प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीला, चारच संघ जात. तेरापैकी तेरा मॅच जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला निवड समितीने घेतलं नाही, कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी होता. २०२४पासून बारा संघ जातात, त्यामुळे एखादी हार झाली म्हणून पोरांचं सांत्वन करायला फोन करू नका. ओहायो स्टेटशी हरले तर मात्र रविवार संध्याकाळपर्यंत फोनच करू नका.

प्रत्यक्ष यायचं ठरलं, तर लाल काही घालू नका, तो ओहायो स्टेटचा रंग. पिवळं किंवा निळं चालेल. स्टेडियम बाहेरून बुटकं दिसतं, विहिरीसारखं जमिनीत खोल गेलंय. बसायला अॅल्युमिनियमची बाकं, नोव्हेंबरात बर्फासारखी गार, तेव्हा खाली घालायला जाड काहीतरी न्या. मोठी पिशवी मात्र आत नेऊ देत नाहीत. आणि लेकीशेजारची तिकिटं मागू नका. विद्यार्थ्यांच्या भागात पूर्ण मॅच उभं राहून बघतात.