गुंठ्यांच्या मापाने तणनाशकाचा हिशेब
नागपूरकडे सोयाबीनच्या पाच-सहा गुंठ्यांच्या तुकड्यावरही ‘पंपाला एक झाकण’ हेच माप चालते. ते मुळातच चुकीचे आहे, कारण तणनाशकाची मात्रा पाण्यावर नव्हे, तर क्षेत्रावर ठरते. आधी पंपात साधे पाणी मोजून भरावे, नेहमीच्या चालीने एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, फवारावा आणि किती पाणी संपले ते पाहावे. ५ लिटर संपले, तर १५ लिटरचा पंप ३ गुंठ्यांना पुरतो. सोयाबीनमधल्या इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रव) या तणनाशकाची मात्रा एकरी ४०० मिली, म्हणजे गुंठ्याला १० मिली; म्हणून या पंपात ३० मिली, तेही सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घालावे. फवारणारा माणूस बदलला की चाल बदलते, तेव्हा मोजणी पुन्हा करावी.