डेथ आणि थ्रॅश मेटलचे अनोळखी बँड शोधताय? या चुका टाळा

थ्रॅश म्हणजे वेगवान, धारदार गिटारचं मेटल; डेथ मेटल त्याहून जड आणि घशातून गुरगुरत गायलेलं. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स ऐकून झाले. सेपल्चुरा झाला, डेथ नावाचाच बँड झाला, कॅनिबल कॉर्प्सही झाला. आता पुढे काय? इथे बहुतेक जण म्युझिक ॲपच्या हवाली होतात आणि दोन-तीन महिन्यांत 'सगळे बँड सारखेच वाटतात' म्हणत कंटाळतात. दोष बँडचा नसतो, शोधायच्या पद्धतीचा असतो. त्या पद्धतीतल्या नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथे सांगतो.

ॲप सुचवेल तेवढंच ऐकणं

तुमच्यासारखे श्रोते जे वाजवतात, तेच ॲप पुढे करतं. म्हणजे जे कुणी फारसं वाजवत नाही ते वर येणारच नाही, आणि अंडरग्राउंड म्हणजे नेमकं तेच. महिनाभर ॲपच्या यादीवर चालून बघा, फिरून फिरून त्याच वीस-पंचवीस नावांवर याल.

त्यापेक्षा माणसांचा माग काढा. आवडलेल्या अल्बमवर कोणी काय वाजवलंय, रेकॉर्डिंग कुठे झालं, ध्वनिमुद्रण कोणी केलं, कोणत्या लेबलने म्हणजे रेकॉर्ड कंपनीने काढला, हे वाचा. कॅसेटच्या जमान्यात ही माहिती डबीतल्या छापील इनले कार्डावर असायची आणि लोक ती डोळे फाडून वाचायचे. शेवटी बारीक टायपात आभाराची यादी असे. त्यातले बँड म्हणजे पुढच्या खरेदीची यादीच. आज हेच काम एन्सायक्लोपीडिया मेटॅलम करतं. २००२ पासून चालू असलेली ही साइट मेटल आर्काइव्हज म्हणूनच जास्त ओळखली जाते.

एक माग काढून दाखवतो. डेथचा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर', १९८७. त्यावर ड्रम वाजवलेत क्रिस रायफर्टने. तो डेथमधून बाहेर पडला आणि ऑटॉप्सी काढला. ऑटॉप्सीचा 'सेव्हर्ड सर्व्हायव्हल' १९८९ चा. मध्येच संथ, कुजकट, चिखलात पाय ओढत चालल्यासारखा. त्यावर बास आहे स्टीव्ह डिजॉर्जिओचा. त्याचा मूळ बँड सेडस, कॅलिफोर्नियातला, आणि त्यांचा १९८८ चा 'इल्यूजन्स' हा थ्रॅश इतका वेगवान की पहिल्यांदा ऐकताना धाप लागते. हाच डिजॉर्जिओ १९९१ मध्ये डेथच्या 'ह्यूमन'वर वाजवतो. त्याच अल्बमवर गिटारला पॉल मासविडल आणि ड्रमला शॉन रायनर्ट आहेत, आणि हे दोघं सिनिकचे. सिनिकचा 'फोकस' १९९३ मध्ये आला, जवळजवळ जॅझच्या अंगणात जाऊन बसलेला. एका अल्बमपासून निघून तीन नवे बँड हाती लागले आणि तिघांचा आवाज वेगळा.

दुसरा धागा जेम्स मर्फीचा. डेथचा 'स्पिरिच्युअल हीलिंग' आणि ऑबिच्युअरीचा 'कॉज ऑफ डेथ' हे दोन्ही १९९० चे, दोन्हींवर त्याची गिटार आहे. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या कॅन्सर या बँडच्या 'डेथ शॅल राइज'वर सापडतो. कॅन्सरचं नाव किती ॲपनी तुम्हाला सुचवलंय?

'सगळं सारखंच वाटतं'

ही तक्रार खरी असते, पण तिचं कारण वेगळंच असतं. तुम्ही एकाच स्टुडिओतलं संगीत ऐकत बसलेले असता. १९९० च्या आसपास फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रक स्कॉट बर्न्सच्या हाताखालून इतके डेथ मेटल अल्बम गेले की लांबूनलांबूनचे बँड तिथे जाऊन तोच आवाज घेऊन यायचे. ड्रमची ती कोरडी, स्वच्छ टकटक एकदा कानाला कळली की लगेच ओळखू येते. ऑबिच्युअरी आणि डिसाइड लागोपाठ लावलेत तर आवाजाचा साचा एकच वाटणार.

मग गाव बदला. स्टॉकहोममध्ये टोमास स्कोग्सबर्गचा सनलाइट स्टुडिओ होता. तिथली गिटार करवतीसारखी घरघरते, कारण गिटारचा आवाज फाडणाऱ्या बॉस कंपनीच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली असायची. एंटूम्डचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) आणि डिसमेंबरचा 'लाइक ॲन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम' (१९९१) ऐकल्यावर फ्लोरिडा आणि स्वीडन यांच्यात गल्लत होणं शक्य नाही. न्यूयॉर्ककडचे सफोकेशन आणि इमोलेशन त्याहून जड आणि वळणावळणाचे. फिनलंडचा डेमिलिच तर स्वतंत्र प्रकरण आहे. 'नेस्पिथे' (१९९३) मधला आवाज माणसाचा आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो सगळ्यांना आवडेल असंही नाही.

थ्रॅशचंही हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात एक्झोडस, जर्मनीत एसेनचा क्रिएटर आणि गेल्झेनकिर्खेनचा सोडम, कॅनडात टोरांटोचा सॅक्रिफाइस. ब्राझीलच्या बेलो होरिझॉन्तेमध्ये सुरुवातीचा सेपल्चुरा आणि सारकोफागो. सारकोफागोचा 'आय.एन.आर.आय.' (१९८७) रेकॉर्डिंगच्या दृष्टीने गचाळच आहे, पण पुढे युरोपातल्या ब्लॅक मेटल या मेटलच्या दुसऱ्या शाखेवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. एका आठवड्यात एकाच गावचं ऐका. कानाला फरक कळायला एवढं पुरतं.

नाव तेच, बँड भलताच

ॲपवर एकाच नावाचे दोन बँड एका पानावर चिकटवलेले असणं ही रोजची गोष्ट आहे. 'स्लॉटर' शोधलंत तर अमेरिकेचे केस फुगवलेले ग्लॅम रॉकवाले समोर येतील. तुम्हाला हवा असतो टोरांटोचा स्लॉटर, 'स्ट्रॅपाडो' (१९८७) वाला, ज्यात डेथचा चक शुल्डिनर १९८६ मध्ये थोडे दिवस जाऊन आला होता. 'ॲट्रॉसिटी' एक जर्मनीचा, एक अमेरिकेचा, दोघेही डेथ मेटलवाले आणि दोघांचे पहिले अल्बम १९९० चेच. 'इन्क्युबस'चा गोंधळ तर एवढा वाढला की त्याच नावाच्या प्रसिद्ध रॉक बँडमुळे जुन्या डेथ-थ्रॅश इन्क्युबसला शेवटी ऑप्रोब्रियम असं नाव घ्यावं लागलं. नावासोबत देश, साल आणि अल्बमचं नाव टाकून शोधा. मेटल आर्काइव्हजवर एखादा बँड सापडला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. तिथले संपादक मेटलच्या व्याख्येबाबत कडक आहेत, आणि मेटलकोर-डेथकोर या हार्डकोर पंक मिसळलेल्या शैलींकडे झुकणारे कित्येक बँड ते बाहेरच ठेवतात.

अल्बम बरोबर, आवृत्ती चुकीची

लोक म्हणतात, 'एवढं कौतुक ऐकलं होतं, पण काही खास वाटलं नाही.' तेव्हा आधी विचारा, ऐकलं काय? एक्झोडसचा मूळ 'बाँडेड बाय ब्लड' १९८५ चा, पॉल बालॉफच्या आवाजातला. २००८ मध्ये त्याच बँडने तीच गाणी दुसऱ्या गायकासोबत नव्याने रेकॉर्ड करून 'लेट देअर बी ब्लड' काढला. टेस्टामेंटने २००१ मध्ये, डिस्ट्रक्शनने २००७ मध्ये जुनी गाणी नव्याने वाजवली. सेपल्चुरा काढणाऱ्या कॅव्हालेरा बंधूंनी त्या बँडचे सुरुवातीचे अल्बम २०२३ पासून पुन्हा रेकॉर्ड केले. यातलं काही चांगलंही आहे, पण ते मूळ नव्हे. ॲपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका, कारण पुनर्प्रकाशनाचं साल तिथे बिनदिक्कत छापलेलं असतं.

याला एक उलटं उदाहरण आहे. सफोकेशनचा 'ब्रीडिंग द स्पॉन' (१९९३) गाण्यांनी उत्तम आणि रेकॉर्डिंगने वाया गेलेला. बँडलाही ते इतकं खुपत होतं की पुढच्या अनेक अल्बमवर त्यांनी त्यातलं एकेक गाणं नव्याने वाजवलं. इथे नवी आवृत्तीच आधी ऐका.

रीमास्टर म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती. तिच्याबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. आवाज फुगवून सपाट केलेल्या आवृत्त्यांमध्ये ड्रमचा ठोका मरतो. इअरेक लेबलने काही जुने अल्बम फुल डायनॅमिक रेंज नावाने, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक न दाबता, पुन्हा काढले; त्यात मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' आहे. फरक स्वतः ऐका.

डेमो वगळणं

डेमो म्हणजे बँडने अल्बमआधी नमुना म्हणून काढलेलं रेकॉर्डिंग. या संगीतात त्याला कच्चा खर्डा समजू नका. मिसुरीच्या टाइमघूलने पूर्ण अल्बम कधी काढलाच नाही. १९९२ आणि १९९४ चे दोन डेमो, बस. ते २०१२ मध्ये डार्क डिसेंट लेबलने एकत्र काढले आणि मग लोकांना कळलं काय राहून गेलं होतं. सालांमुळेही फसगत होते. रिपल्जनचा 'हॉरिफाइड' बाजारात आला १९८९ मध्ये, रेकॉर्डिंग १९८६ चं. कोणी कोणाचं उचललं यावर वाद घालण्याआधी हे तपासा.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं

नका ऐकू. सूर खाली उतरवलेल्या गिटारचा आणि बासचा अर्धा आवाज त्यातून बाहेरच पडत नाही. साधे वायरवाले हेडफोन चालतील.

आपल्याकडचं सोडून सगळं जग पालथं घालणं

मुंबईचा गटस्लिट युरोपात दौरे करतो, 'ॲम्प्युथिएटर' (२०१७) त्यांचाच. भयानक मौत या बँडचा 'मॅन' (२०१४) आहे. बंगळुरूचा डाइंग एम्ब्रेस १९९१ पासूनचा, शिलाँगचा प्लेग थ्रोट, हैदराबादचा गॉडलेस, केरळचा ॲमॉर्फिया, आणि हा शेवटचा तर शुद्ध थ्रॅश. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल मुंबईतून चालतं आणि स्वीडनच्या पॅगनायझरसारख्या बँडचे अल्बम काढतं. तिकडचे लोक मुंबईहून रेकॉर्ड मागवतात आणि इकडचे पोर्टलंडच्या लेबलची टपालवाट बघत बसतात, ही गंमतच आहे. या लेबलची यादी सुरुवातीपासून चाळलीत तर महिनाभराची सोय होईल.

खरेदीतले घोळ

बँडकॅम्प या बँड स्वतःचं संगीत विकतात त्या साइटवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. तुमच्या आवडीचे दोन-तीन दुर्मीळ अल्बम ज्याच्याकडे आहेत, त्याच्या संग्रहात शिरा. इतका चांगला शोध दुसरा कुठलाही नाही, तरी लोक शैलीच्या टॅगवर क्लिक करून सर्वाधिक विक्रीची यादी बघतात.

परदेशातून एलपी मागवताना कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून रेकॉर्डपेक्षा जास्त पैसे लागू शकतात, तेव्हा दोन-तीन मित्रांनी मिळून एकाच ठिकाणाहून मागवा. संशयास्पद स्वस्त 'दुर्मीळ' सीडी दिसली तर रेकॉर्डच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या डिस्कॉग्ज साइटवर त्या आवृत्तीपुढे अनधिकृत असा शिक्का आहे का बघा, आणि सीडीच्या आतल्या कडेचा क्रमांक जुळवा. आणि पैसे भरताना कार्ड वारंवार नाकारलं जात असेल तर बँड किंवा साइटला शिव्या घालण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. बऱ्याचदा ते बटण बंद असतं.