ट्रिमरने पाटात नक्षी बसवायचीय? आधी त्याचं बूड बदला

छोटा राऊटर, म्हणजे आपले सुतार ज्याला ट्रिमर म्हणतात तो, मुळात लॅमिनेटच्या कडा मारायला केलेला. सागाच्या पाटात शिसवीच्या लाकडातून कापलेलं नक्षीचं पान बसवायला तो जसाच्या तसा घेतला तर वैताग येतो, कारण खालच्या प्लेटचं भोक एवढं मोठं की रुपयाचं नाणं आरपार जाईल, त्यात प्लेट काळी, बिट, म्हणजे खालचं फिरणारं पातं, रेषेवर चाललंय की रेषेबाहेर हे कळतच नाही. मशीन बदलायची गरज नाही, प्लेट बदला.

६ मिमी जाडीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या, साइनबोर्डवाल्याकडे कटपीस स्वस्तात मिळतात. मूळ प्लेट काढून डबल टेपने त्यावर चिकटवा, तिच्याच भोकांतून स्क्रूच्या जागा पाडा आणि स्क्रूची डोकी आत बसतील एवढी खाच करा, नाहीतर ती लाकडावर ओरखडे काढतात. प्लेट मूळच्यापेक्षा हाताच्या बाजूला थोडी लांब ठेवली तर धरायला बरं पडतं. मधलं भोक आधी पाडायचं नाही! प्लेट मशीनला बसवा, ६ मिमीचं सरळ बिट लावा, खाली भंगार लाकूड घेऊन चालू मशीनचं बिट हळूहळू खाली उतरवा, भोक आपोआप बरोब्बर मध्यावर येतं. घाई केली तर अ‍ॅक्रिलिक वितळून बिटला चिकटतं, म्हणून थोडं उतरवा, थांबा, परत उतरवा.

आता बिट. नक्षीला १.६ मिमीचं बारीक स्पायरल, म्हणजे पीळदार बिट लागतं, शक्यतो डाउनकट, ते तंतू खाली दाबत कापतं म्हणून कड फुटत नाही. अशा बिटांचा दांडा बहुतेक ३.१७५ मिमीचा, ट्रिमरचं कोलेट, म्हणजे दांडा पकडणारं तोंड, ६ किंवा ६.३५ मिमीचं, मध्ये स्लीव्ह, म्हणजे फट भरणारी बारीक नळी, घालावी लागते. इथे मोजून घ्या हो. मी एकदा ६ मिमीचा दांडा ६.३५ च्या कोलेटात आवळला, घट्ट वाटला, आणि चालता चालता बिट खाली सरकत गेलं, पाटाला दीड मिमीचं घर, म्हणजे पान बसायची खाच, पाडायचं होतं तिथे चार मिमीचा खड्डा. तो पाट आता मागच्या अंगणात कुंडीखाली आहे.

बिट बदलताना प्लग काढायचाच, आणि गॉगल लावा, बारीक बिट तुटलं की उडतं.

खोली मोजायला पट्टी नको. जे पान बसवायचंय त्याच लाकडाच्या, त्याच जाडीच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवा, प्लेट त्यांच्यावर टेकवा, बिटखाली एक व्हिजिटिंग कार्ड ठेवा आणि बिट कार्डाला टेकेपर्यंत खाली आणून लॉक करा. घर पानाच्या जाडीपेक्षा कार्डाएवढं उथळ येतं, पान तेवढंच वर राहतं, नंतर घासून सपाट होतं. उलटं झालं, पान खाली गेलं, तर अख्खा पाट घासत बसा.

पान जागेवर टेपने चिकटवून भोवती धारदार सुरीने रेघ ओढा, पान काढा, रेघेत खडूची भुकटी चोळा, सागावर ती पांढरी झकास दिसते. पाट क्लॅम्पने पक्का आवळून मधून सुरुवात करत बाहेर या, एका फेरीत पाऊण मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका, दोन फेऱ्या मारा, आणि रेघेच्या अलीकडे अर्धा मिमी थांबा. तेवढं पटाशीनेच काढायचं, टोकाचे कोपरे तर मशीनने होणारच नाहीत, बिट गोल आहे ना.

डाउनकटची एक खोड, भुसा घरातच दाबून ठेवतं आणि रेघ झाकते. तोंडाने फुंकून फुंकून दमायला होतं, त्यापेक्षा माशांच्या टाकीचा हवेचा पंप आणा, त्याची नळी प्लेटला टेपने अशी लावा की हवा बिटवर पडेल. आमच्याकडे टाकीतले मासे कधीच गेले, पंप मात्र कामाला आला.

चिकटवायला लाकडाला लाकूड असेल तर फेविकॉल, पानाऐवजी पितळी पत्रा बसवायचा असेल तर अ‍ॅराल्डाइट (दोन ट्यूब कालवून लावायचा गोंद), आणि पत्र्याची पाठ आधी सँडपेपरने खरखरीत करा. फट राहिलीच तर शिसवीचा भुसा अ‍ॅराल्डाइटमध्ये कालवून भरा, काळ्या पानाभोवती कुणाला कळत नाही. रात्रभर वजन ठेवा. घासताना सँडपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घ्या, आधी १२० नंबरचा मग २२०, बोटाने घासलं तर मऊ लाकूड जास्त झिजतं आणि पान उंचवट्यासारखं हाताला लागतं.