ट्रकला सीबीचा अँटेना: एक लावू की दोन?

अमेरिकेत नवीन ट्रक घेतला की पोरं आधी दोन्ही आरशांना सीबीच्या, म्हणजे ट्रकवाले एकमेकांशी बोलतात त्या रेडिओच्या, दोन लांब दांड्या लावतात, दिसायला भारी वाटतं म्हणून. मीही तेच केलं होतं आणि ट्रकवाल्यांच्या 19 नंबर चॅनलवर अर्ध्या मैलापलीकडे कोणाला माझा आवाज जाईना.

सीबी चालतो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, लाट साधारण 11 मीटरची, म्हणजे पाव लाटेचा अँटेना झाला जवळपास 9 फूट. रेंजला तो 102 इंची स्टीलचा व्हिप, म्हणजे लवचिक सळीच राजा, पण ट्रकच्या उंचीवर तो लावला तर प्रत्येक पुलाला टकटक करत जाणार. म्हणून मग 3-4 फुटी फायबरग्लासची दांडी, ज्यात वायर वरच्या टोकाला दाट गुंडाळलेली असते, नाहीतर मधे कॉइल असलेला स्टीलवाला. कुठलाही घ्या, कॉइल केबिनच्या छताच्या वर आली पाहिजे, खाली राहिली तर बराच सिग्नल पत्र्यातच जिरतो. आरशाला लावायचा तर मी मधल्या कॉइलवालाच घेईन, खाली लांब शाफ्टवाला.

दोन अँटेना लावायचेच तर त्यांच्यात 8-9 फूट अंतर हवं, ट्रकला ते जेमतेम मिळतं, कारला विसरा. तेव्हा पुढे-मागे सिग्नल जरा जास्त जातो आणि बाजूला कमी, हायवेला बरं. आणि केबल दोन अँटेनांसाठीचीच हवी, 75 ओहमची दुहेरी, एकट्या अँटेनाची 50 ओहमची नाही चालत.

माझा घोळ मात्र वेगळाच निघाला. ब्रॅकेटखाली रंगाचा थर, अर्थिंगच नाही! मल्टीमीटरने ब्रॅकेट ते चेसिस बघितलं तर काहीच नाही, रंग खरवडला, जाड पट्टी ओढली, झालं. केबिन फायबरची असेल तर हे आधी बघा.

मग एसडब्ल्यूआर मीटर लावा, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते कळतं, मोकळ्या जागी, दारं बंद करून. 1 आणि 40, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही चॅनलवर रीडिंग घ्या. 40 वर जास्त आलं तर अँटेना लांब आहे, थोडा कमी करा, 1 वर जास्त आलं तर वाढवा. दीडच्या खाली मस्त, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर असेल तर माइकचं बटण दाबूच नका, रेडिओचा फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल बाहेर पाठवणारा भाग, जळून जातो. आणि कमी करताना एकदम इंचभर कापू नका राव, पाव-पाव इंच, कापलेलं परत जोडता येत नाही.