झिंक ऑक्साइड फिल्मचा सिग्नल का ढेपाळत होता

ग्लुकोज सेन्सरसाठी आयटीओ काचेवर (इंडियम टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली काच) झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म चढवली, पण सिग्नल बघता बघता ढेपाळायचा. संशय आधी नाशिकच्या पावसाळी दमटपणावर. प्रत्येक थर ३०० अंशांवर सुकवूनही फरक पडेना. मग बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, तपासला: पीएच ५.५. ग्लुकोज ऑक्सिडेजला, म्हणजे ग्लुकोज ओळखणाऱ्या सेन्सरमधल्या एन्झाइमला, तो मानवतो, फिल्मला नाही. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर घेतला, सिग्नल टिकला. शिवाय फिल्मचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) ९.५ च्या आसपास, एन्झाइमचा ४.२, म्हणजे या पीएचला फिल्म धनभारित, एन्झाइम ऋणभारित. आपसूक चिकटतं, वेगळं रसायन कशाला? फक्त फॉस्फेटमध्येही फिल्म रात्रभर बुडवून ठेवू नका, तोही तिला हळूहळू खातो.