ओम्नीची टिकटिक: टॅपेटला हात लावण्याआधी

गाडी गॅरेजात लावली की गिऱ्हाईक निदानासकटच उतरतं: "टॅपेट वाजतायत, जरा टाईट करून द्या." आमच्याकडे भाजीच्या, मंडपवाल्यांच्या, शाळेच्या पोरांच्या अशा पुष्कळ ओम्नी येतात. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बारीकसा आवाजही थेट कानात जातो. इंजिनाचे वॉल्व्ह दाबून उघडणारे लिव्हर म्हणजे रॉकर, आणि रॉकर व वॉल्व्ह यांच्यातली फट ठरवणारा स्क्रू म्हणजे टॅपेट; फट वाढली की तो वाजतो. टॅपेटचं काम मी करून देतो, पण सगळ्यात शेवटी.

आधी ऑइलची पट्टी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी पुसून परत घालून काढा. ऑइल खालच्या खुणेच्या आसपास असेल तर वर पुरेसं पोचत नाही आणि रॉकर कोरडे वाजतात. ऑइल टाकून आवाज गेला तर काम तिथंच संपलं. मात्र ऑइल गेलं कुठं, ते शोधा. आवाज दाबायला जाड ऑइल किंवा कसलासा डबा ओतू नका. चार दिवस बरं वाटतं, मूळ दुखणं तसंच राहतं.

मग ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. रबरी नळीचा तुकडाही चालतो. बाह्या वर, गळ्यातली चेन, ओढणी काढून ठेवलेली, आणि फॅन-बेल्टपासून हात लांब.

इंजेक्टरवाल्या गाडीत पेट्रोल फवारणारा इंजेक्टर स्वतःच टिकटिकतो, तो त्याचा धर्म आहे. गॅसच्या सिक्वेन्शियल किटची रेल, म्हणजे गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरांची पट्टी, तर त्याहून मोठ्यानं वाजते. गाडी पेट्रोलवर घ्या. आवाज बदलला किंवा गेला, तर तो रेलचा होता. एवढ्यावरून टॅपेट कव्हर उघडायला निघालेले लोक मी बघितलेत.

सकाळी थंड इंजिनाला जोरात आणि गरम झाल्यावर कमी होणारी टिकटिक असेल तर मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाकडे बघा. पॅकिंग फुटलेलं असतं, तिथून धूर फटफटत निघतो आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते. सांध्यावर काजळीचा काळा ओघळ दिसतो. इंजिन थंड असतानाच तिथं साबणाचं पाणी सोडा आणि स्टार्ट करा. बुडबुडे आले की समजा. सैल प्लगही असाच फुसफुसतो, तोही तपासा.

आता टॅपेट. हा आवाज शिलाई मशीनसारखा, वरच्या कव्हरमधून येतो. रॉकर हलवणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरते. त्यामुळे ९०० आरपीएमच्या आयडलला एक सैल टॅपेट मिनिटाला ४५० वेळा वाजतो, आणि रेस दिली की त्याच हिशेबानं वेग वाढतो. आवाज खालून, जड ठोक्यासारखा येत असेल आणि रेस देताना, चढावर वाढत असेल तर ते बेअरिंग असू शकतं. तेव्हा गाडी बंद करा आणि टो करून न्या.

ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, एकूण सहा वॉल्व्ह. माप थंड इंजिनावरच घ्यायचं, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. सीट उचला, टॅपेट कव्हर काढा, प्लगही काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. टॉप गिअर टाकून मदतनिसानं गाडी हळूहळू पुढं ढकलायची. एका सिलिंडरचा पिस्टन वर आलेला आणि त्याचे दोन्ही रॉकर हातानं हलतायत, असं झालं की थांबा. तिथले दोन वॉल्व्ह सेट करायचे. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, म्हणजे पहिल्यानंतर तिसरा, मग दुसरा.

फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडीतली, पात स्क्रूच्या आणि वॉल्व्हच्या मध्ये घाला. माप साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इनटेक-एक्झॉस्टचा जो आकडा असेल तोच धरा. पात ओढताना किंचित अडली पाहिजे, लोण्यासारखी सरकायला नको आणि घट्टही बसायला नको. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि माप बिघडतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं स्क्रू धरून नट आवळायचा आणि पात पुन्हा घालून बघायची. नवशिक्या पोरांचं काम इथंच फसतं.

कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं टाका. बोल्ट बेतानं आवळा, जोर लावला की पत्रा वाकतो आणि ऑइल गळायला लागतं. स्टार्ट केल्यावर कडेनं ओल येते का, ते बघा.

थोडी टिकटिक उरेल. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून जरा घट्ट करा की." मी करत नाही. टॅपेट घट्ट झाला तर वॉल्व्ह त्याच्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बसायच्या कडेवर, पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तर वॉल्व्हची ही सीट हळूहळू झिजून गॅप आपोआप कमी होत जातो, त्यामुळे अशा गाडीचा आवाज न सांगता बंद झाला तर ती मी आधी आत घेतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं की हेड उतरवावंच लागतं, आणि त्या बिलात टॅपेट सेटिंगचे पैसे कित्येकदा बसतात.