जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड कसा मोजावा: बदलत्या हवामानासाठी मोजणीची आखणी

जमिनीतून बाहेर पडणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची मोजणी दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी करणे सोयीचे असले, तरी बदलत्या हवामानात हे वेळापत्रक फसवे ठरते. या वायूचे उत्सर्जन वर्षभर सारख्या गतीने होत नाही; त्याचा मोठा वाटा मोजक्या दिवसांत उसळीसारखा बाहेर पडतो, आणि दीर्घ कोरड व त्यानंतर एकदम कोसळणारा पाऊस हे चक्र जितके तीव्र होते, तितके अशा दिवसांचे महत्त्व वाढते. शंभर वर्षांच्या काळात एक किलो नायट्रस ऑक्साइड साधारण २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो, त्यामुळे हुकलेली एक उसळीसुद्धा हिशेबात मोठी चूक ठरू शकते.

उसळी केव्हा येईल याचा अंदाज बांधायचा, तर जमिनीतील दोन प्रक्रिया लक्षात घ्याव्यात. हवा खेळती असताना जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात आणि त्या वाटेवर थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. माती पाण्याने भरून प्राणवायू तुटला की दुसरे जिवाणू नायट्रेटचे विघटन करू लागतात आणि हा वायू बऱ्याच मोठ्या प्रमाणात तयार होतो. मातीतील पोकळ्यांपैकी किती टक्के पाण्याने भरल्या आहेत, हा यातला कळीचा आकडा आहे. तो साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेला की उत्सर्जन झपाट्याने वाढते, परंतु माती पूर्ण तुडुंब भरल्यावर जिवाणू पुढची पायरी गाठून निरुपद्रवी नायट्रोजन वायू तयार करतात व नायट्रस ऑक्साइड पुन्हा घटतो. म्हणूनच ‘पाऊस वाढला की उत्सर्जन वाढते’ हे सरळसोट विधान मला पुरेसे वाटत नाही. हा आकडा काढण्यासाठी मातीची स्थूल घनता, म्हणजे पोकळ्यांसकट एका घन सेंटिमीटरात किती ग्रॅम कोरडी माती मावते ते, एकदा नीट मोजून ठेवावी. घनता दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर तिला खनिज कणांच्या २.६५ या घनतेने भागून एकातून वजा केल्यावर सुमारे ५१ टक्के पोकळी मिळते; आकारमानाने ३० टक्के ओलावा असल्यास त्यातील जवळपास ५९ टक्के पोकळी भरलेली असते, म्हणजे माती उंबरठ्यावर उभी असते.

तापमानवाढीने जिवाणूंची क्रिया वेगावते आणि त्यांच्या श्वसनामुळे मातीतील प्राणवायू अधिक लवकर संपतो. पण हीच उष्णता माती सुकवत असल्याने एकूण परिणाम ओलाव्यावर अवलंबून राहतो. कोरड्या काळात मृत सूक्ष्मजीव व सेंद्रिय द्रव्य साचते आणि पहिल्या भिजण्यानंतर त्यातील नायट्रोजन अचानक मोकळा होतो, ज्याला बर्च परिणाम म्हणतात. थंड प्रदेशांत गोठलेली जमीन वितळताना अशीच उसळी येते.

त्यामुळे वेळापत्रक दुहेरी ठेवावे: एरवी आठवड्यातून एकदा मोजणी, आणि कोरडीनंतरचा पाऊस, सिंचन, नत्रखताची मात्रा किंवा बर्फ वितळणे यांपैकी काहीही घडले, तर त्यानंतरचे काही दिवस रोज मोजणी, उत्सर्जनाचा दर खाली येईपर्यंत. नमुने शक्यतो सकाळी दहाच्या सुमारास घ्यावेत, कारण त्या वेळचे मातीचे तापमान सहसा दिवसाच्या सरासरीजवळ असते.

मोजणीसाठी बंद चेंबर पद्धत वापरावी, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर झाकणाचा डबा ठेवून त्यात वायू किती वेगाने साचतो ते पाहावे. तळाची कडी काही सेंटिमीटर खोल आधीच रोवून ठेवावी, म्हणजे रोवताना विस्कटलेली माती स्थिर होते. वरचे झाकण हवाबंद, परावर्तक आवरणाचे आणि दाब समान राखणारी बारीक नळी असलेले असावे. झाकण लावल्यावर ०, १५, ३० आणि ४५ मिनिटांनी सिरिंजने नमुने घेऊन निर्वात कुप्यांत भरावेत आणि इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक असलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातील वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावेत. चेंबरची उंची २० सेंटिमीटर, तापमान २५ अंश सेल्सियस आणि आतील नायट्रस ऑक्साइडची वाढ तासाला १०० पीपीबी (अब्जात शंभर भाग) असेल, तर दर चौरस मीटरला तासाला या वायूच्या रूपात सुमारे २३ मायक्रोग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. वेळेनुसार वाढीचा आलेख सरळ न येता वाकला, तर आत साचलेला वायू जमिनीतून येणाऱ्या वायूला अडवत असू शकतो. अशा वेळी सुरुवातीचा उतार महत्त्वाचा मानावा.

प्रत्येक नमुन्यासोबत पाच सेंटिमीटर खोलीचे तापमान व ओलावा नोंदवावा, आणि उसळीच्या काळात मातीतील नायट्रेट व अमोनियमही तपासावे. या नोंदींशिवाय उसळी पावसाने आली की खताने, हे सांगता येत नाही. एकाच शेतात काही हातांच्या अंतरावर दर कितीतरी पटींनी बदलत असल्याने चेंबर जितके अधिक, तितके बरे, आणि खत न दिलेला पट्टा तर हवाच.

वर्षाची बेरीज करताना दोन मोजण्यांमधील दर सरळ रेषेने जोडतात, पण उसळीच्या शिखरावरील आकडा पुढच्या आठवड्यापर्यंत ओढला की बेरीज फुगते. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनात रासायनिक नत्राचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे दिलेल्या नत्रापैकी नायट्रस ऑक्साइडच्या रूपात निसटणारा वाटा, ओल्या हवामानासाठी १.६ टक्के, तर कोरड्या हवामानासाठी ०.५ टक्के आहे; आपली बेरीज या आकड्यांशी ताडताना मात्र खत न दिलेल्या पट्ट्याचे उत्सर्जन आधी वजा करावे, आणि ते वर्ष त्या जागेच्या सरासरीपेक्षा किती ओले वा कोरडे होते, याची नोंद आकड्यासोबतच लिहावी.